फुटत्या लाटेत मॉडेल सोडण्याआधी

उभयचर, म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या, वाहनांच्या चाचणीसाठी टँकवर, म्हणजे यंत्राने लाटा उठवायच्या लांब हौदावर, आलेला नवखा दिवसभर मॉडेललाच, वाहनाच्या छोट्या प्रतिकृतीलाच, चिकटून असतो. माझं मत विचाराल तर आधी लाट समजून घ्या. शांत पाण्यात वाहन तरंगतं का, हे लगेच कळतं. लाटा फुटतात त्या पट्ट्यातून ते न उलटता किनाऱ्याला लागतं का, यासाठीच हा सगळा खटाटोप.

हिशेब फ्रूडच्या नियमाचा, म्हणजे लाटांच्या चाचणीत मॉडेलचे आकडे खऱ्या वाहनाशी जुळवण्याच्या नियमाचा. १:१० मॉडेलमध्ये लांबी १० पट कमी, वेग आणि वेळ मात्र ३.१६ पटच कमी. समुद्रातली १.८ मीटर उंच, दर ८ सेकंदांनी येणारी लाट टँकमध्ये १८ सेंटिमीटर आणि अडीच सेकंदांची होते. वजन १००० पट घटतं, म्हणून १४ टनांच्या वाहनाचं मॉडेल १४ किलोचं. टँकचं पाणी गोडं, म्हणजे समुद्राच्या पाण्याहून हलकं, असेल तर १३.७. एवढ्यावर थांबू नका. गुरुत्वमध्य आणि जडत्व जुळवण्यातच खरा वेळ जातो. शिशाची वजनं टोकांकडे सरकवली की मॉडेल संथ डोलतं, मध्यावर आणली की चटकन नाक उचलतं. एकूण वजन दोन्ही वेळा तेच!

लाट फुटण्याची तऱ्हा तळाच्या उतारावरही ठरते. हीच लाट १:२० उतारावर माथ्यावरून फेस सांडत येते, १:१० वर वळून कोसळते. कोसळणारी जास्त घातक. लाट फुटण्याच्या जरा आधीच वाहनापाशी पोचली तर ती खालून निघून जाते. वाहन नेमकं फुटण्याच्या जागी सापडलं तर मागचं टोक उचललं जातं आणि वाहन आडवं फिरतं. म्हणून मॉडेल सोडण्याची वेळ लाटयंत्राशी बांधून घ्या, आणि तीच चाचणी पुन्हा पुन्हा करा. एका धावेवरून मांडलेला निष्कर्ष मी तरी वाचत नाही. दोन धावांमध्ये पाणी शांत होऊ द्या. डोळ्यांना ते स्थिर दिसतं, पण टँकभर हलणारा लांब हेलकावा लाटमापकावरच दिसतो. हे थांबणं कंटाळवाणं असतं, त्याला इलाज नाही.

चाकं तळाला टेकल्यानंतरच्या आकड्यांवर मात्र बेताचाच भरवसा ठेवा, कारण टँकमध्ये तळ म्हणून लावलेली रंगवलेली फळी म्हणजे वाळू नव्हे. तुषारांचंही तसंच: पृष्ठताण मॉडेलसोबत लहान होत नाही, त्यामुळे थेंब आणि बुडबुडे प्रमाणाबाहेर मोठे राहतात. इंजिनाच्या हवेच्या वाटेत किती पाणी शिरेल, हे चाचणीच्या चित्रीकरणावरून सांगू नका. वाहनाची हालचाल पाहायची असेल तर तेच चित्रीकरण ३.१६ पट संथ करून लावा.