एअरलूम टोमॅटो लावताय? मग या चुका टाळा

एअरलूम म्हणजे पिढ्यान्पिढ्या बी राखून जपलेले जुने वाण, हायब्रीड नव्हेत. ते लावणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे झाड डोक्याएवढं झालंय, हिरवंगार आहे, पण फुलांचा पत्ता नाही. आणि मग लोक काय करतात, तर अजून खत घालतात! अहो घोळ तिथंच आहे, नत्र जास्त झालं की झाड नुसती पानंच काढत बसतं. कळ्या दिसायला लागल्या की युरिया, कोंबडीखत बंद, द्यायचंच असेल तर पोटॅश जास्त असलेलं काहीतरी द्या.

फुलं येऊन गळत असतील तर ती केस वेगळी. दिवसा पारा 32-35 च्या वर आणि रात्री पण 24 च्या खाली येत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही आणि फूल देठाच्या सांध्यातून पिवळं पडून गळतं. इथं कुठलंही टॉनिक मारून उपयोग नाही, दुपारी शेडनेट लावा आणि उकाडा कमी व्हायची वाट बघा. बंद बाल्कनीत वारा नसतो, तिथं सकाळी फुलांच्या घोसाला हलकीशी टिचकी मारत जा, बरीचशी फळं धरतात.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेला प्रॉब्लेम. फळाच्या बुडाला, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूला, आधी पाणचट डाग पडतो आणि मग तो चामड्यासारखा काळा, चपटा होतो. लगेच कोणीतरी सांगतं कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं टाका. कॅल्शियम कमी पडतं हे खरंय, पण ते फळात कमी पडतं, मातीत बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, त्यामुळे तुम्ही तीन दिवस कुंडी कोरडी ठेवून चौथ्या दिवशी बादलीभर ओतलं तर फळापर्यंत पोचणार कसं? टरफलं तर कुजायलाच महिनोन्महिने लागतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, वर पालापाचोळ्याचा 5-7 सेंटीमीटर थर ठेवा. हा रोग नाही, एका फळाचं दुसऱ्याला लागत नाही, डागाळलेली फळं काढून टाका म्हणजे झालं.

फळं तडकतात त्याच्यामागे पण बहुतेक वेळा पाणीच. यांची साल पातळ असते, कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल फाटते. मोठा पाऊस येणार असेल तर रंग फुटलेली फळं आधीच तोडून घरात ठेवा, आरामात पिकतात, फक्त फ्रिजमध्ये नको.

कुंडी लहान घेऊ नका. बहुतेक एअरलूम जाती वाढतच राहणाऱ्या, सहा फूट सहज जातात, त्यामुळे 20 लिटर हे कमीत कमी, ब्रँडीवाइनसारख्या मोठ्या फळाच्या जातीला 40 च्या आसपास. काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात.

हायब्रीडमध्ये रोगप्रतिकारक गुण मुद्दाम आणलेले असतात, इथं बऱ्याच जातींत ते नसतात. खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असे तपकिरी डाग दिसले की करपा समजा, ती पानं काढा, पाणी बुडाशीच द्या, पानांवर फवारा नको, आणि पुढच्या वेळी त्याच मातीत टोमॅटो नको. वांगी, मिरची पण नको, एकाच कुळातली आहेत.

अजून एक, लाल व्हायची वाट बघत बसू नका. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल या जातींचे खांदे (फळाचा देठाजवळचा भाग) पिकल्यावरही हिरवट राहतात, ग्रीन झेब्रा तर पिकूनही हिरवाच (तसा तो जुना वाण नाहीच, 1983 मधला आहे, पण एअरलूमच्या यादीत हमखास घुसवतात). हलकं दाबून बघा, किंचित मऊ लागलं की तोडा.

बी धरताना शेवटी उरलेलं किडकं फळ घेऊ नका, सगळ्यात निरोगी झाडाचं चांगलं पिकलेलं घ्या. बिया गरासकट ग्लासात काढा, दोन-तीन दिवस आंबू द्या, बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन सावलीत वाळवा. दोन जाती शेजारीशेजारी असतील तर संकर होऊ नये म्हणून कळी उमलायच्या आधीच त्या घोसाला जाळीची पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढा आणि त्याच घोसाला दोरा बांधून ठेवा, नाहीतर तोडताना कुठलं कुठलं तेच कळत नाही.