‘लेजिट पो बा?’ : फिलिपिनो ग्राहकांसाठी काम करताना

पुण्यातल्या एका लहान कंपनीने फिलिपिन्समध्ये साबण आणि केसांचे तेल विकायचे ठरवले, तेव्हा तिथल्या समाजमाध्यमांचे काम माझ्याकडे आले, ते केवळ माझे इंग्रजी बरे होते म्हणून. तिथे फिलिपिनोच्या जोडीला इंग्रजीही अधिकृत भाषा असल्याने भाषेची अडचण येणार नाही, असा आमचा समज होता. पहिले दोन महिने आम्ही निर्दोष इंग्रजीत, देखण्या छायाचित्रांसह फेसबुकवर पोस्ट टाकत राहिलो. लाइक मिळत होते, विक्री होत नव्हती, आणि पोस्टखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येत होता: ‘लेजिट पो बा?’, म्हणजे ‘हे खरे आहे ना हो?’

या प्रश्नाला आम्ही वेबसाइटचा दुवा देऊन मोकळे होत असू. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरून आमच्यासाठी काम करणाऱ्या सहकारी बाईंनी ते थांबवले. त्यांचे म्हणणे असे की विचारणाऱ्याला कागद तर हवाच असतो, पण पलीकडे कोणी माणूस आहे की नाही, हे त्याला आधी पाहायचे असते. त्यांनी ‘सुकी’ हा शब्द मला तेव्हाच समजावला. बाजारात ठरलेल्या मासळीवालीकडेच जायचे, तिने वर थोडे जास्त घालायचे, आपण दुसरीकडे वळायचे नाही, असे हे दुतर्फी नाते आहे. सुकी विकणाराही असतो आणि घेणाराही. मंडईत ज्याची भाजीवाली ठरलेली आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक ‘लेजिट पो बा?’ला नावानिशी उत्तर देऊ लागलो, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे झालेल्या नोंदणीचा क्रमांक त्याच उत्तरात लिहू लागलो आणि पुढची बोलणी मेसेंजरवर करू लागलो. नवख्या माणसाने पहिला महिनाभर नवी पोस्ट लिहूच नये, केवळ उत्तरे द्यावीत, असे माझे मत त्यातूनच बनले.

भाषेत आमची दुसरी फजिती झाली. इंग्रजी चालत नाही म्हटल्यावर आम्ही मजकूर यंत्राकडून टागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिनो जिच्यावर बेतलेली आहे त्या भाषेत, करून घेतला, आणि तो शालेय पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखा निघाला. मनिलात रोजचे बोलणे टागालोग आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात, म्हणजे टॅग्लिशमध्ये चालते, आणि कोणता शब्द इंग्रजीत राहू द्यायचा हे तिथे वाढलेल्यालाच कळते. आदर दाखवणारा ‘पो’ आम्ही शिकलो आणि मग सगळीकडे पेरू लागलो. पण सेबूकडच्या सेबुआनो भाषेत तो शब्दच नाही, त्यामुळे तिकडच्या ग्राहकाला आमचे बोलणे राजधानीतल्या पाहुण्यासारखे वाटत असे. लिहिणारा माणूस तिथलाच नेमावा आणि त्याला शेवटचा शब्द द्यावा, हा खर्च टाळता येण्यासारखा नाही.

आपलेपणा दाखवण्याच्या भरात आम्ही एक व्हिडिओही केला. पुण्याच्या कार्यालयातली मंडळी सुकवलेला आंबा चाखतात, डोळे विस्फारतात आणि फिलिपिन्सचे गुणगान करतात, असा तो होता. त्याखाली एकाने एकच शब्द लिहिला: ‘पिनॉयबेटिंग’. फिलिपिनो लोकांची स्तुती करून त्यांचे व्ह्यू मिळवणाऱ्या परदेशी मंडळींसाठी तिथे हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. आम्ही तो व्हिडिओ त्याच दिवशी काढला. उसन्या चित्रांबद्दलही हा वाचक तितकाच जागरूक असतो. 2023 साली ‘लव्ह द फिलिपिन्स’ या नव्या सरकारी पर्यटन घोषणेबरोबर आलेल्या व्हिडिओत इंडोनेशियातली भाताची खाचरे आणि परदेशातल्या वाळूच्या टेकड्या दाखवल्याचे उघड झाले, तेव्हा पर्यटन खात्याला तो करणाऱ्या जाहिरात संस्थेचा करार रद्द करावा लागला. ज्या देशातल्या इफुगाओ प्रांताची खाचरे 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, त्या देशाच्या जाहिरातीत दुसऱ्याची खाचरे! तेव्हापासून आम्ही विकतची छायाचित्रे बंद केली आणि ग्राहकांनी मोबाइलवर काढलेली, थोडी अंधारीसुद्धा, परवानगी घेऊन वापरू लागलो.

किमतीबाबत मात्र सरळ सांगतो. तिथले बरेच छोटे विक्रेते किंमत न लिहिता ‘पीएम’ करा, म्हणजे खासगी संदेश पाठवा, म्हणतात. त्यांचे पाहून तसे करू नका. 1992 च्या ग्राहक कायद्यात किंमत दाखवण्याचे बंधन आहे आणि व्यापार खात्याने ऑनलाइन विक्रेत्यांना त्याची आठवणही करून दिली आहे. शिवाय ‘हाऊ मच पो?’ला शंभर वेळा उत्तर देण्यापेक्षा आकडा लिहिणे सोपे असते.

पगार बहुधा 15 तारखेला आणि महिनाअखेरीस होतात. त्याआधीच्या ओढाताणीच्या दिवसांना तिथे ‘पेत्सा दे पेलिग्रो’, धोक्याच्या तारखा, म्हणतात. त्या दिवसांत आम्ही मोठी बाटली पुढे करत नाही, पुडी पुढे करतो, कारण सारी-सारी, म्हणजे गल्लीतल्या छोट्या किराणा दुकानातून सुटे, थोडे थोडे घेण्याची, म्हणजे ‘तिंगी’ची, सवय तिथे जुनी आहे. नाताळची तयारी सप्टेंबरपासून सुरू होते आणि कायद्याने मिळणारा तेराव्या महिन्याचा पगार 24 डिसेंबरपर्यंत हातात पडतो, त्यामुळे आमची दिवाळीची धांदल आणि त्यांची नाताळची खरेदी हातात हात घालून येतात.

एक चूक अजून बोचते. वेळ लावून ठेवलेली सवलतीची भडक पोस्ट आमच्या हातून नेमकी अशा सकाळी गेली, जेव्हा बिकोल भागात वादळाचा इशारा लागलेला होता आणि लोक घरातले सामान उंचावर ठेवत होते. कोणी रागावले नाही. एका नेहमीच्या ग्राहक बाईंनी फक्त विचारले, ‘तुमच्याकडे पाऊस नाही का?’ मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आता आपल्या घड्याळात साडेसहा वाजता, म्हणजे तिथल्या नऊला, पागासा या हवामान संस्थेचे पत्रक उघडतो आणि ते वाचून झाल्याशिवाय त्या दिवसाची कोणतीही पोस्ट सोडत नाही.