खरजेच्या अभ्यासासाठी प्राणी-मॉडेल उभे करताना

ऊसतोडणीच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या कोपीत एकाला खरूज झाली की पाठोपाठ सगळ्या घराला होते. त्या कातडीत रोगप्रतिकारशक्ती काय करते हे रुग्णावरून कळणे अवघड आहे, कारण साध्या खरजेत अंगावर खरजेच्या किड्याच्या जेमतेम १० ते १५ माद्या असतात, आणि हा किडा यजमानाच्या अंगाबाहेर फार दिवस जगत नसल्याने प्रयोगशाळेत वाढवताही येत नाही. प्राणी-मॉडेल, म्हणजे माणसाचा रोग अभ्यासण्यासाठी वापरायचा प्राणी, लागतो तो यासाठी.

प्राणी निवडण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. लीशमॅनिया या परजीवीमुळे होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यास असेल तर उंदीर उत्तम, कारण त्याच्या लीशमॅनिया मेजर या जातीला बाल्ब-सी जातीचे उंदीर बळी पडतात आणि सी-५७ ब्लॅक-६ जातीचे बरे होतात. संरक्षक प्रतिसाद कोणता आणि घातक कोणता, हे या फरकामुळेच उलगडले. खरजेसाठी मात्र उंदीर उपयोगाचा नाही, त्यावर हा किडा टिकत नाही. कुत्र्याच्या खरजेचा किडा सशावर वाढवता येतो. माझ्या मते डुक्कर अधिक योग्य, कारण त्याची त्वचा जाडी व रचनेत माणसाच्या त्वचेच्या जवळची आहे आणि त्याला स्वतःची खरूज निसर्गतःच होते. तरीही डुकराचा किडा माणसाच्या किड्याहून वेगळ्या वाणाचा आहे, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये.

ऑस्ट्रेलियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत डुकराच्या पिलांच्या कानात किडे असलेल्या खपल्या ठेवतात आणि किडे भरपूर वाढावेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देतात. खरजेवरील औषधाच्या चाचणीसाठी ही पद्धत सोयीची आहे. प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्याने मात्र येथे थांबून विचार करावा: डेक्सामेथासोन स्वतःच प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून केवळ हे औषध दिलेला, केवळ किडे सोडलेला आणि दोन्ही न दिलेला, असे वेगळे गट ठेवले नाहीत तर दिसणारा बदल किड्यामुळे की औषधामुळे, हे सांगता येणार नाही.

वेळापत्रक रोगाच्या चालीवरून ठरवावे. माणसात पहिल्या लागणीत खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, दुसऱ्या वेळी १ ते ४ दिवस पुरतात. म्हणून किडे सोडण्यापूर्वीचा नमुना घेऊन नंतर दर आठवड्याला त्वचेची खरवड, रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व प्रतिपिंडे यांची नोंद करावी. त्वचेचा तुकडा कमीत कमी वेळा, भूल देऊनच घ्यावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि डुकराला घामाने अंग थंड ठेवता येत नाही. उष्णतेच्या ताणाने कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढले तर प्रतिकारशक्तीचे आकडेच बिघडतात, त्यामुळे वातानुकूलित प्राणिगृह नसेल तर प्रयोग हिवाळ्यातच आखावा.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यावी. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यासाठी प्रस्ताव केंद्रीय समितीकडेही जातो. खाणे सोडले, वजन घटले किंवा जखमांत पू झाला तर प्रयोग कोठे थांबवायचा, ही मर्यादा अर्जातच लिहावी आणि ती गाठताच त्या पिलाला आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारे औषध देऊन बरे करावे, मग गटातील एक आकडा कमी पडला तरी चालेल.