डायनोसॉर नर की मादी? ठरवताना या चुका टाळा

शिकागोच्या फील्ड म्युझियममधली टी-रेक्स 'सू' मादी आहे, असं खुशाल लिहिलं जातं. ही चूक नावामुळे होते. १९९० मध्ये साउथ डकोटात सू हेंड्रिक्सन यांना हा सांगाडा सापडला, म्हणून तो 'सू'. नर की मादी, हे ठरलेलंच नाही. गंमत म्हणजे मोंटानातल्या एका टी-रेक्सला तो शोधणाऱ्या बॉब हार्मन यांच्यावरून 'बी-रेक्स' म्हणतात, आणि ती निघाली मादी!

ते कळलं कसं? सांगाडा हेलिकॉप्टरने न्यायचा होता, पण ओझं झेपेना, म्हणून मांडीचं हाड मोडावं लागलं. त्याच्या आत जीवाश्म-संशोधक मेरी श्वाइट्झर यांना 'मेड्युलरी बोन' दिसलं. अंडी घालण्याच्या काळात कोंबडीच्या हाडाच्या पोकळीत असाच थर धरतो. कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. पण हा थर तात्पुरता असतो. तो दिसला नाही म्हणून सांगाडा नराचा ठरवू नका; ती अंडी न घालणारी मादीही असू शकते. शिवाय काही हाडांच्या आजारांतही अशीच वाढ दिसते.

थोराड तो नर, हेही डोक्यातून काढा. घार-ससाण्यांत मादीच मोठी असते. लहान-मोठेपणा वयाचा असेल, नाहीतर प्रजातीच वेगळी असेल. मंगोलियातल्या प्रोटोसेराटॉप्स या डायनोसॉरच्या कवट्यांची मानेवरच्या झालरीवरून नर-मादी अशी वाटणी १९७६ मध्ये झाली होती; २०१५ च्या नव्या मोजमापांत ती टिकली नाही. जीवाश्म-संशोधक जॉर्डन मॅलन यांनी २०१७ मध्ये नऊ प्रकारच्या डायनोसॉरांबद्दलचे असे दावे आकडेवारीने तपासले. एकही टिकला नाही.

म्हणून नर-मादी सारखेच दिसायचे, असंही म्हणू नका (मॅलनही म्हणत नाहीत). मोर-लांडोरीतला ठळक फरक पिसाऱ्यात आहे, आणि पिसारा सहसा दगडात उरत नाही. नमुनेही मूठभरच मिळतात.

घरट्यावर बसलेला सांगाडा दिसला की 'आई' म्हणायचा मोह होतो. शहामृगाचा नरही अंडी उबवतो, आणि ओव्हिरॅप्टर या पक्ष्यासारख्या डायनोसॉरच्या कुळात बापच बसत असावा, असं मानणारे संशोधक आहेत. अंडी पोटात असली, तर मात्र वाद नाही. चीनमधल्या याच कुळातल्या एका डायनोसॉरच्या कमरेच्या हाडांत कवचासकट दोन अंडी सापडली आहेत.