साथीच्या काळात मालक ‘खोली खाली करा’ म्हणाला तर

साथ आली, कामं बंद पडली, दोन-तीन महिन्यांचं भाडं थकलं. जळगाव एमआयडीसीतला दालमिलचा कामगार असो की विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणारी पोरं, पहिली चूक ठरलेली: ‘सरकारने भाडं माफ केलं’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज मालकापुढे धरायचा. कोरोनातही भाडं माफ झालं नव्हतं, ते लांबलं होतं. त्यामुळे हातातला कागद नेमका कसला आहे हे आधी बघा.

2020 मध्ये तीन जातीचे कागद निघाले. 29 मार्चचा केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खालचा होता. कामगारांकडे महिनाभर भाडं मागू नये, कामगार-विद्यार्थ्यांना घर सोडायला लावलं तर कारवाई, असं त्यात होतं. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकबाकीपायी कुणाला काढू नका, अशी सूचना दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तर आधीच झालेल्या निष्कासनाच्या, म्हणजे घर खाली करायला लावण्याच्या, आदेशांची अंमलबजावणी रोखून धरली. पहिला कागद पोलीस आणि तहसीलदारापुढे चालतो. दुसरा मालकाशी बोलताना कामाला येतो. दारात कब्जा वॉरंट (घराचा ताबा घ्यायचा कोर्टाचा हुकूम) घेऊन बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, उभा असेल तर तिसराच लागतो. पुढच्या साथीत आदेश नवे असतील, पण जाती याच राहतील.

आदेश जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरून काढा. क्रमांक, तारीख, कलम, तो कुणाला लागू आहे आणि कधीपर्यंत, या पाच गोष्टींखाली पेनाने रेघ मारा. मुदत उलटलेला आदेश दाखवला की अर्ज तिथेच पडतो.

मग अर्ज करा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणून अर्ज त्यांच्या नावे, प्रत तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला. नुसतं ठाण्यात जाऊन भागत नाही, कारण सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्याची दखल कोर्ट सहसा अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेतं. मजकूर आखूड ठेवा:

‘मी अमुक पत्त्यावर अमुक तारखेपासून दरमहा 4,000 रुपये भाड्याने राहतो. अमुक महिन्यापर्यंतचं भाडं दिलं आहे. काम बंद असल्याने तीन महिन्यांचे 12,000 बाकी आहेत, ते देण्यास तयार आहे. मालकांनी अमुक तारखेला खोली खाली करण्यास सांगितलं. आदेश क्र. अमुकनुसार निष्कासन थांबवावं.’

‘देण्यास तयार आहे’ हे शब्द गाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 15 त्याच तयारीवर उभं आहे. प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.

मालकाने कुलूप लावलं, नळ किंवा लाईट तोडली, तर 112 ला फोन करा, कुलपाचा आणि मीटरचा फोटो काढा. अत्यावश्यक सोयी तोडायला कलम 29 ची मनाई आहे. बळजबरीने बाहेर काढलंच तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ‘साथ संपल्यावर बघू’ म्हणणारे इथेच फसतात.

थकबाकीचा दावा लावण्याआधी मालकाला लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. तरी समन्स आलं, तर ते हातात पडल्यापासून आणखी 90 दिवस मिळतात. तेवढ्यात सगळी बाकी, 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावर कब्जाचा हुकूम होत नाही. 12,000 वर व्याज महिन्याला 150 रुपये पडतं, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. लोक चुकतात ते दिवस कोर्टातल्या पहिल्या तारखेपासून मोजण्यात, किंवा मालकाच्या हातात रोख ठेवून पावती न घेण्यात. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. तो भाडं घेतच नसेल तर त्याच्या खात्यावर टाका, किंवा मनीऑर्डर करून ‘घेण्यास नकार’चा शेरा जपून ठेवा.

हे सगळं भाडेकरूसाठी झालं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरल्या मुदतीपुरतं राहू देणारा, तर हे 90 दिवस विसरा. मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट भरपाई लागू शकते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याचं (असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं) समन्स आल्यावर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. अशा वेळी साथीतला आदेश हीच खरी ढाल, म्हणून त्याची मुदत कॅलेंडरवर लिहा. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीतल्या गावांनाच लागू आहे. खेड्यातल्या घराबाबत आधी वकिलाला विचारा.

वकिलाचे पैसे नाहीत? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन 15100. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तोरणमाळकडून शहाद्यात येऊन भाड्याने राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाने जातीचा दाखला सोबत न्यावा.

साथीतल्या आदेशाने मिळालेली स्थगिती उठण्याच्या पंधरा दिवस आधीच मालकाशी हप्ते ठरवा. 12,000 ची बाकी चालू भाड्यासोबत दरमहा 2,000 प्रमाणे सहा महिन्यांत फिटते. कागदावर तारखा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि ‘हप्ते वेळेवर असेपर्यंत थकबाकीपायी दावा लावणार नाही’ ही ओळ हवी. वीजबिलाची बाकी कुणाकडे, तेही त्याच कागदावर मीटरच्या रीडिंगसह लिहा.