अल्स्टरमधल्या पूर्वजांचं स्कॉटिश गाव: जमीनदारावरून माग

अल्स्टर म्हणजे आयर्लंडचा उत्तर प्रांत; सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून बरीच कुटुंबं तिथे येऊन वसली. त्यांचं मूळ गाव शोधायला आडनाव घेऊन थेट स्कॉटलंडची दफ्तरं चाळली की गाडी अडते. तिथली बहुतेक पॅरिश-नोंदवही (चर्चमधली बाप्तिस्मा-लग्नांची नोंद) 1610 च्या मागे जातच नाही. मार्ग सापडला तो जमीनदारावरून.

आधी आयर्लंडमधलं टाउनलँड (तिथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) पक्कं केलं, नव्याकडून जुन्याकडे जात: ग्रिफिथचं मूल्यांकन (1847-64 मधली करासाठीची मालमत्ता-यादी), मग 1796 ची जवस उत्पादकांची यादी, 1660 च्या दशकातल्या चूलकराच्या (घरातल्या चुलींवरच्या कराच्या) याद्या आणि शेवटी 1630 च्या सुमाराचा मस्टर रोल (लढाईसाठी हजर होऊ शकणाऱ्या पुरुषांची यादी). चूलकराच्या मूळ याद्या 1922 साली डब्लिनच्या आगीत गेल्या, पण बऱ्याच जिल्ह्यांच्या नकला बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात मिळतात.

खरं सोनं मस्टर रोलमध्ये. त्यात माणसं जमीनदाराच्या नावाखाली लिहिलेली असतात आणि जमीनदार आपली कुळं, म्हणजे जमीन कसणारी माणसं, बरेचदा आपल्याच मुलखातून आणायचे. जमीनदार अल्स्टरमधल्या स्ट्रबेनचा अ‍ॅबरकॉर्न असेल तर स्कॉटलंडमधलं पेझली आणि रेनफ्र्यूशर, डाउन परगण्यातला माँटगोमेरी असेल तर तिथलंच एअरशर आधी तपासा. (डाउन आणि अँट्रिम हे परगणे सरकारी प्लांटेशनमध्ये, म्हणजे 1610 च्या सुमाराला सरकारने जमिनी वाटून केलेल्या वसाहतीत, नव्हतेच, तिथली वस्ती 1606 पासून खासगी.)

स्पेलिंगवर विसंबू नका, आडनावाआधीचा ‘मॅक’ कधी असतो, कधी गळतो. मस्टर रोलमध्ये आडनावच नसेल तर कुटुंब 1690 च्या दशकातल्या स्कॉटिश दुष्काळात आलेलं असू शकतं. मग 1610 चा जमीनदार निरुपयोगी.