अराउझ हा इंग्लिश शब्द वापरताना या चुका टाळा

माझ्याकडे इंग्लिश शिकायला येणारी बरीचशी मुलं मराठी मीडियमची, ती डिक्शनरी उघडतात, अराउझच्या पुढे 'उत्तेजित करणे, जागृत करणे' असं दिसतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. मागच्या वर्षी एकीने जॉबच्या ईमेलमध्ये 'आय ॲम व्हेरी अराउझ्ड टू जॉइन युवर कंपनी' असं लिहिलं होतं, बरं झालं पाठवायच्या आधी मला दाखवलं. तिला बिचारीला म्हणायचं होतं की मी खूप उत्सुक आहे. पण माणसाबद्दल नुसतं 'अराउझ्ड' म्हटलं की आजच्या इंग्लिशमध्ये समोरचा पहिल्यांदा लैंगिक अर्थच घेतो, आणि हे वर्गात कुणी स्पष्ट सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. स्वतःचा उत्साह सांगायचाय तर एक्सायटेड किंवा ईगर वापरा.

अराउझच्या पुढे माणूस नको, भावना हवी. सस्पिशन, क्युरिऑसिटी, इंटरेस्ट, अँगर, सिम्पथी, हे त्याचे नेहमीचे सोबती. 'हिज सायलेन्स अराउझ्ड माय सस्पिशन', म्हणजे तो गप्प बसला म्हणून मला संशय आला.

आता यातच आपली मराठी आडवी येते बघा. आपल्याकडे राग येतो, संशय येतो, उत्सुकता वाटते, म्हणजे भावना आपली आपण येते, कुणी आणली ते सांगावं लागत नाही. म्हणून मुलं 'सस्पिशन अराउझ्ड इन माय माइंड' लिहितात आणि ते चुकतं, कारण अराउझला ती भावना जागी करणारा कुणीतरी लागतोच (किंवा मग 'माय सस्पिशन वॉज अराउझ्ड' असं म्हणा). खरं तर ही जोडी आपल्याकडे पण आहे, उठणे आणि उठवणे, जागणे आणि जागवणे. अराइझ म्हणजे उठणे, अराउझ म्हणजे उठवणे. वाक्यात अडलात तर मराठीत 'वणे'वालं क्रियापद बसतंय का बघा, बसलं तर अराउझ, नाहीतर अराइझ.

अराइझचा भूतकाळ अरोझ, आणि स्पेलिंगमध्ये अरोझ आणि अराउझ यांच्यात फक्त एका यूचा फरक, त्यामुळे 'अ प्रॉब्लेम अराउझ्ड' हे इतक्या वेळा दिसतं की विचारू नका. प्रॉब्लेम अरोझ. उच्चार करताना हाउस, माउससारखा शेवटी स काढू नका, आपल्या ब्लाउजसारखा काढा.

झोपेतून उठवण्यासाठी अराउझ चालतो पण पुस्तकी वाटतो, घरात आपलं 'वोक मी अप' बरं. याचं मूळ रूप राउझ, तो शिकारीतला शब्द, दडून बसलेलं सावज उठवायचं म्हणजे राउझ करायचं, आणि १६ व्या शतकाच्या शेवटी त्याला पुढे अ लागला. आपण एखाद्या गोष्टीवरून रान उठवतो ना, तसंच काहीसं, म्हणून मला हा शब्द परका वाटतच नाही.

बाकी आठवणी जाग्या करायच्या असतील तर इव्होक, कुणाला डिवचायचं तर प्रोव्होक, जमावाला हिंसेसाठी भडकवायचं तर इन्साइट.

शेवटचं, अराउझल हे नाम दिसलं की दचकू नका. सायकॉलॉजीत त्याचा अर्थ मेंदू किती सावध आहे एवढाच, यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या उंदरांवरच्या प्रयोगावरून पुढे जो नियम प्रसिद्ध झाला त्यात हाच शब्द येतो, अराउझल फार कमी असला तरी काम बिघडतं आणि फार जास्त असला तरी, परीक्षेत डोकं ब्लँक होतं ते त्यातलंच. स्लीप टेस्टच्या रिपोर्टात पण अराउझल असतो. एका मुलाने वडिलांचा रिपोर्ट मला अवघडून दाखवला होता, त्याला सांगितलं, अरे याचा अर्थ बाबांची झोप रात्री मधेमधे चाळवते, बस.